कारंजा घाडग्याहून ताना सरोवराकांठीं

नागपुराहून अमरावतीस जाणाऱ्या हमरस्त्यानें निघालें म्हणजे कोंढाळीच्या पलीकडे टेकड्या व सागवानाचें रान लागतें. तें मागें पडतें न पडतें तोंच, नागपुरापासून सुमारें पाऊणशें किलोमीटरांवर, कारंजा हें तालुक्याचें गांव येतें. महाराष्ट्रांत ह्या नांवाचें गांव एकच नाहीं. श्रीनृसिंहसरस्वतींचें जन्मस्थान म्हणून ज्याची कीर्ति आहे तें वाशीम जिल्ह्यांतील कारंजा लाड. आमचें तें वर्धा जिल्ह्यांतील कारंजा घाडगे. हा भेद सांगितल्यावांचून आमच्या गांवच्या माणसास आपला पत्ता पुरा करतां येत नाहीं. हमरस्त्याचा क्रमांक पूर्वीं ६ होता, आतां ५३ झाला; मालमोटारींची रांग मात्र रात्रंदिवस तशीच चालू आहे. प्रेक्षणीय स्थळांच्या यादींत आमच्या गांवाचें नांव सहसा सांपडणार नाहीं. कपाशी, तूर, सोयाबीन आणि संत्रीं हीं येथील मुख्य पिकें. ह्या टापूंतील पांढरी गवळाऊ गाय जाणत्यांस ठाऊक आहे, आणि आमच्या भागांतील हेटीकुंडी येथें तिच्या पैदाशीसाठीं सरकारी क्षेत्रही निघालेलें आहे.

संत्र्याच्या बागाइतदारास झाडाचा एक स्वभाव चांगला ठाऊक असतो. झाडास सदासर्वदा ओलीत मिळत गेलें तर तें पालवतें, परंतु मनाजोगें फुलत नाहीं. म्हणून ठराविक दिवस त्याचें पाणी तोडावें लागतें. ह्यास ‘ताण देणें’ म्हणतात. पानें किंचित् मलूल झालीं, ताण बसला, कीं मग पाणी सोडावयाचें; त्यानंतर झाड बहरावर येतें. हिंवाळा सरतां फुलतो तो आंबिया बहार, मृगाच्या पावसावर फुलतो तो मृग बहार. निवृत्त झालेल्या शिक्षकाच्या आयुष्यांतही असाच एक पाणी तोडल्याचा काळ येतो. घंटा ऐकूं येत नाहीं, वर्ग नाहीं, वह्या नाहींत. ह्या ताणानंतर कोणी सुकतो, कोणी बहरतो. आम्ही स्वतः ह्या काळांत वयाच्या साठीच्या उंबरठ्यावर इंग्रजी शिकविण्यासाठीं आफ्रिका खंडांतील इथिओपिया देशीं गेलों, दोन वर्षें राहिलों व परत कारंजास आलों. तेव्हांपासून पुष्कळ समवयस्क गृहस्थ आम्हांस पुसत असतात, कीं ह्या वयांत असें जाणें शक्य आहे काय, आणि शक्य असलें तरी योग्य आहे काय. पहिल्या प्रश्नाचें उत्तर सोपें आहे. दुसऱ्याचें उत्तर देण्यासाठीं हा लेख लिहीत आहों.

आधीं आमच्या जिल्ह्याविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. कारण वर्धा जिल्हा व इंग्रजी भाषा ह्यांचें नातें मोठें चमत्कारिक आहे. १९३७ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या २२ व २३ तारखांस वर्ध्यास जी शिक्षणपरिषद भरली, तींत महात्मा गांधींनीं मांडलेल्या विचारांतून ‘वर्धा शिक्षणयोजना’ निघाली. डॉ. झाकिर हुसेन ह्यांच्या समितीनें आंखलेल्या सात वर्षांच्या त्या शिक्षणक्रमांत मातृभाषा हें माध्यम होतें, हस्तोद्योग हें केंद्र होतें, आणि इंग्रजीस स्थान नव्हतें. पुढें १९९७ सालीं महात्माजींच्याच नांवाचें आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयही वर्ध्यास स्थापन झालें. अशा जिल्ह्यांतील माणसानें इंग्रजी शिकविण्यासाठीं समुद्र ओलांडावा, हें ऐकून कोणी हांसला तर त्यास दोष देतां यावयाचा नाहीं.

परंतु ह्याच वर्ध्यास दुसरीही परंपरा आहे. वर्ध्यास जन्मलेले क्रांतिकारक पांडुरंग सदाशिव खानखोजे देशोदेशीं भटकून १९२४ च्या सुमारास, चाळिशीच्या आसपास, मेक्सिकोंत पोंचले. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिशाळेंत ते अध्यापक झाले, आणि परक्या स्पॅनिश भाषेच्या मुलखांत त्यांनीं शेतीशास्त्र शिकविलें. शेतकऱ्यांसाठीं मुक्त कृषिशाळा काढल्या, मक्याच्या सुधारलेल्या जातींवर काम केलें. आयुष्याच्या अखेरीस ते नागपुरास होते व तेथेंच १९६७ सालीं त्यांचा अंत झाला. ज्या भाषेंत आपण जन्मलों नाहीं त्या भाषेच्या लोकांत जाऊन, तारुण्य ओसरूं लागल्यावर, नव्यानें अध्यापक होणें ही गोष्ट आमच्या जिल्ह्यास अगदींच नवी नाहीं.

आतां घरचा प्रश्न. आमचें कुटुंब एकत्र. वडील बंधूंकडे बाग व शेती, आमच्याकडे शाळा, अशी वांटणी पस्तीस वर्षें चाललेली. मातोश्रींनीं तेव्हां ऐंशी ओलांडली होती. दिल्लीस मुलाखत होऊन दोन वर्षांच्या नेमणुकीचें पत्र आलें तेव्हां त्यांनीं तें वाचावयास सांगितलें, शांतपणें ऐकलें आणि विचारलें, “काहून रे, आपल्या गांवांतलीं पोरें इंग्रजीच्या पेपरांत नापास होऊन घरीं बसलीं आहेत, अन् तूं समुद्रापलीकडे कोणाला शिकवायला चाललास?”

ह्या प्रश्नावर घरांत दोन दिवस कोणी फारसें बोललें नाहीं. पैशाची निकड होती असें नाहीं. तेथील वेतन निवृत्तिवेतनाहून अधिक होतें, परंतु घराचें दैव पालटावें एवढें नव्हतें. खरें कारण निराळें होतें. पस्तीस वर्षें एकच पुस्तक, एकच परीक्षा आणि एकच प्रकारचीं उत्तरें शिकवून, आपणांस इंग्रजी शिकवितां येतें कीं परीक्षा शिकवितां येते, हें एकदां पडताळून पाहावें अशी इच्छा होती. शेवटीं वडील बंधू म्हणाले, “बाग मी पाहतों. तूं दोन वर्षांचें वचन देऊन जा. तिसऱ्याचें देऊं नकोस.” सौभाग्यवतींनीं पहिलें वर्ष मातोश्रींजवळ काढावें व दुसऱ्या वर्षीं तिकडे यावें असें ठरलें.

इथिओपियाच का, ह्यास इतिहास आहे. १८९६ सालीं अडवा येथें इटलीच्या सैन्याचा पराभव करून ह्या देशानें आपलें स्वातंत्र्य राखलें. १९३६ ते १९४१ हीं पांच वर्षें इटलीच्या ताब्यांत गेलीं. तीं वगळतां तेथें परक्यांचें राज्य टिकलें नाहीं. १९४१ नंतर सम्राट हैले सेलासी ह्यांच्या राजवटींत माध्यमिक व उच्च शिक्षणाचें माध्यम म्हणून इंग्रजी आली. आपल्याकडे ही भाषा राज्यकर्त्यांबरोबर आली. तेथें ती बाहेरच्या जगाशीं बोलण्याचें साधन म्हणून घेतली गेली. ती शिकविण्यास माणसें हवीं होतीं, आणि तीं भारतांतून मोठ्या संख्येनें गेलीं. लहान लहान गांवच्या शाळांत भारतीय गुरुजी व बाई आपल्याला गणित, विज्ञान, इंग्रजी शिकवीत, ही आठवण तेथील वृद्ध मंडळी अजून आपुलकीनें सांगतात. पुढें २००० सालानंतर त्या देशानें नवीं विद्यापीठें झपाट्यानें काढलीं, तेव्हां पुन्हां भारतीय अध्यापकांस बोलावणें गेलें. त्यांत निवृत्त मंडळी पुष्कळ होती. त्यांतलेच आम्ही एक.

२००९ सालच्या ऑक्टोबरांत मुंबईहून विमानानें सुमारें सहा तासांत अदीस अबाबास पोंचलों. तें शहर समुद्रसपाटीपासून सुमारें २३५० मीटर उंच. विदर्भांतल्या माणसास पहिले आठ दिवस जिना चढतांना दम लागतो. तेथून नेमणुकीच्या गांवीं, बाहीर दारास, मोटारीनें गेलों. वाटेंत निळ्या नाईल नदीची खोल दरी उतरून चढावी लागते. तिची खोली एक हजार मीटरांहून अधिक आहे. बाहीर दार हें ताना सरोवराच्या कांठीं वसलेलें, ताडामाडांसारख्या झाडांच्या रांगांनीं सजलेलें गांव. सरोवरांत बेटें आहेत व बेटांवर जुने ख्रिस्ती मठ आहेत. लव्हाळ्यासारख्या पपायरसाच्या जुड्या बांधून केलेल्या होड्यांतून कोळी ये-जा करतात. ह्याच सरोवरांतून निळी नाईल निघते. तिला तेथें अबाय म्हणतात.

त्या देशाची कालगणना आमच्या पंचांगप्रिय वाचकांस गोड वाटेल. तेथें वर्षाचे महिने तेरा. बारा महिने तीस तीस दिवसांचे, आणि तेरावा अवघा पांच किंवा सहा दिवसांचा. नवें वर्ष सप्टेंबरांत लागतें व साल आपल्या इसवी सनाच्या सात-आठ वर्षें मागें असतें. आम्ही उतरलों तेव्हां तेथें २००२ साल नुकतें लागलें होतें. म्हणजे साठीचा माणूस फुकटांत त्रेपन्नाचा झाला! घड्याळही उगवतीपासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे तेथील एक. वर्ग दोन वाजतां आहे म्हटलें कीं आठ समजावे. सूर्योदयापासून घटका मोजणाऱ्या आमच्या पूर्वजांस ह्यांत कांहींच विचित्र वाटलें नसतें.

शाकाहारी माणसाचें परदेशीं काय होईल, ही चिंता घरोघर असते. तेथील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवारीं, शुक्रवारीं व इतर पुष्कळ दिवशीं उपास पाळतात, आणि त्या दिवशीं मांस तर नाहींच, दूधतूपही खात नाहींत. त्यामुळें खानावळींत ‘उपासाचें ताट’ मागितलें कीं निश्चिंत जेवावें. तेफ नांवाच्या बारीक धान्याचें पीठ आंबवून केलेली इंजेरा आमच्या आंबोळीच्या जातीची, परंतु ताटभर मोठी. तिच्यावर डाळी, भाज्या आणि शिरो वाढतात. नांवावरून गोड पदार्थ वाटेल. प्रत्यक्षांत तें हरभऱ्यासारख्या कडधान्याच्या पिठाचें तिखट कालवण असतें, आणि पहिला घांस घेतांच पिठल्याची आठवण होते. जेवणानंतर कॉफीचे हिरवे दाणे पाहुण्यासमोर भाजून, कुटून, तीन फेऱ्यांत कॉफी देतात. पहिल्या फेरीस ‘अबोल’ म्हणतात, परंतु बोलणें तेथूनच सुरू होतें.

आतां वर्गाकडे वळूं. त्या देशांत लहान मुलें आपापल्या मातृभाषेंत शिकतात. इंग्रजी हा विषय आरंभापासून असतो, परंतु नववीपासून सारेंच शिक्षण इंग्रजींत. आमच्यासमोर येणारीं मुलें विद्यापीठांतलीं. पुस्तक वाचीत, व्याकरणाचे नियम पाठ म्हणत, परंतु तोंड उघडून दोन वाक्यें बोला म्हटलें कीं माना खालीं. हें दृश्य आम्हांस परकें नव्हतें. आर्वी-कारंजाच्या वर्गांत आम्हीं तें पस्तीस वर्षें पाहिलें होतें, आणि त्याच्याही आधीं, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पुढें घेऊन बसलेल्या मुलांत बसून अनुभवलें होतें.

एके दिवशीं आम्हीं फळ्यावर एक मराठी वाक्य लिहिलें : ‘मी उद्यां सकाळीं बाजारांत जाईन.’ लिपि मुलांस अनोळखी, म्हणून प्रत्येक शब्दाखालीं त्याचा इंग्रजी अर्थ त्याच क्रमानें मांडला : ‘आय टुमॉरो मॉर्निंग मार्केट गो.’ वर्ग खदखदून हांसला. आम्हांस वाटलें, आमच्या भाषेस हांसताहेत. मागच्या बांकावरील एक मुलगी उठली आणि म्हणाली, कीं हा क्रम तर आमच्या अम्हारिकचाच आहे. आणि तें खरेंच होतें. त्यांच्या भाषेंतही क्रियापद शेवटीं येतें, विशेषणवाक्य नामाच्या आधीं येतें. त्यांच्या लिपींतही एकेका व्यंजनाचीं स्वरागणिक रूपें असतात. सात सात, म्हणजे आमची बाराखडी तशी त्यांची सातखडी. वडील माणसास संबोधण्यास आपल्या ‘आपण’ सारखें आदराचें सर्वनामही आहे. गुरुजींस इंग्रजींत नुसतें ‘यू’ कसें म्हणावें, ह्या संकोचानें कित्येक मुलें प्रश्नच विचारीत नसत. आमच्याकडील मुलें तरी दुसरें काय करतात!

त्या दिवसापासून शिकविण्याची रीति बदलली. वाक्य आधीं त्यांच्या क्रमानें त्यांच्याकडून म्हणवून घ्यावयाचें, मग क्रियापद उचलून कर्त्याजवळ आणून ठेवावयाचें. पुन्हां, पुन्हां, मोठ्यानें, साऱ्यांनीं मिळून. ‘यू’ ह्या शब्दांत अनादर नाहीं, हें सांगण्यापेक्षां दाखवावें म्हणून प्रत्येकानें आम्हांस रोज एक प्रश्न त्याच शब्दानें विचारावा असा नियम केला. दोन महिन्यांनीं वर्ग बोलका झाला. हंगेरीचे पीटर मेजेश ह्यांनीं १९९४ सालीं असें प्रतिपादन केलें होतें, कीं जो शिक्षक स्वतः परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकला, त्यास वाटेंतले खांचखळगे ठाऊक असतात, व हा त्याचा कमीपणा नसून त्याचें भांडवल आहे. ज्याची ती मायबोली आहे तो उच्चाराचा नमुना देईल. परंतु क्रियापद कोठून उचलून कोठें ठेवावयाचें ह्याचे कष्ट त्यास कधीं पडलेलेच नसतात. आमचें वयही येथें उपयोगी पडलें. मुलें ‘मम्हिर’, म्हणजे गुरुजी, म्हणून उठून उभीं राहत. पांढऱ्या केसांच्या माणसाजवळ चुकावयास त्यांस भय वाटत नसे.

इतकें गोड सांगितलें, आतां कडूही सांगावयास हवें. दुसऱ्या वर्षाच्या आरंभीं मातोश्री ओसरीवर पडल्या व त्यांच्या खुब्याचें हाड मोडलें. फोन कधीं लागे, कधीं लागत नसे. आम्ही परतण्याची तयारी केली. बंधूंनीं सांगितलें, “शस्त्रक्रिया झाली आहे. तूं येऊन दुखणें कमी होणार नाहीं. वचन दिलें आहेस तेवढें पुरें कर.” आम्ही राहिलों, परंतु सौभाग्यवतींचें येणें कायमचें राहिलें. मातोश्रींचें उठणें-बसणें, औषधें, रात्रीचें जागरण त्यांनीं व वहिनींनीं मिळून काढलें. ताना सरोवर त्यांनीं अद्यापि पाहिलेलें नाहीं. एकत्र कुटुंबांतील पुरुष उतारवयांत परदेशीं जातो, तेव्हां घरीं त्याचें कौतुक होतें. परंतु त्याच्या वांट्याचें ओझें बहुधा घरांतील स्त्रियांच्या खांद्यावर जाऊन बसतें. ज्या घरांत हा हिशेब आधीं उघडपणें मांडला जात नाहीं, त्या घरांतून कोणी जाऊं नये असें आमचें स्पष्ट मत आहे.

जाऊं इच्छिणारांसाठीं व्यवहाराच्या चार गोष्टी. चीन व दक्षिण कोरिया ह्या देशांत इंग्रजी मायबोली असलेल्या ठराविक देशांच्या नागरिकांस पसंती असते. भारत-कोरिया करार २०१० सालीं अमलांत आल्यावर पात्र भारतीय शिक्षकांस तेथें एक वाट मिळाली, परंतु पदवी व शिक्षकाचा परवाना लागतो. कित्येक देशांत साठीनंतर कामाचा परवाना मिळणें कठीण. म्हणून निवृत्तीच्या दोन वर्षें आधींच चौकशी करावी. सेल्टा नांवाचें प्रमाणपत्र जगभर मान्य आहे. त्याचा उगम १९६२ सालीं लंडनमध्यें जॉन हेक्राफ्ट ह्यांनीं सुरू केलेल्या वर्गांत आहे. सुमारें १२० तासांचा अभ्यास व सहा तास प्रत्यक्ष शिकविणें एवढी त्याची मागणी असून वरची वयोमर्यादा नाहीं. नेमणुकीच्या करारांत राहण्याची सोय, औषधोपचार व परतीचें भाडें स्पष्ट लिहून घ्यावें; नोकरी मिळवून देतों म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्या मध्यस्थास दारांतूनच निरोप द्यावा. देशाची स्थितिही पाहावी. इथिओपियाच्या उत्तरेस तिग्राय प्रांतांत २०२० ते २०२२ पर्यंत युद्ध झालें, आणि बाहीर दार ज्या अम्हारा प्रांतांत आहे तेथें २०२३ पासून सशस्त्र संघर्ष उसळला. आम्ही गेलों तो शांततेचा काळ होता. आज कोणी विचारील तर आधीं भारतीय वकिलातीची सूचना वाचा, असेंच सांगूं.

२०११ सालच्या जुलैंत आम्ही परतलों. मातोश्री काठी टेकीत चालूं लागल्या होत्या. त्यांचा प्रश्न त्यांनीं पुन्हां विचारला नाहीं, परंतु तो घरांत तसाच उभा होता. त्या आषाढांत ओसरीवर संध्याकाळीं वर्ग सुरू केला. महाराष्ट्रांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. तरी दहावी झालेलीं मुलें-मुली चार वाक्यें बोलतांना अडतात, त्या मुलांसाठीं हा वर्ग. पुस्तक नाहीं, परीक्षा नाहीं. मुलानें आधीं मराठींत बोलावें, मग आपणच आपलें क्रियापद उचलून पुढें आणावें. बागेंत कामास येणारीं मुलें येतात, हमरस्त्यावरच्या दुकानांत बसणारीं येतात, लग्न ठरलेल्या मुलीही येतात. पस्तीस वर्षें ह्याच गांवांत शिकविलें, परंतु असें शिकविणें आम्हांस सातखडी लिहिणाऱ्या मुलांनीं शिकविलें. मराठीस बाजूस सारून इंग्रजी येत नाहीं, मराठीच्या पायरीवर उभें राहूनच हात तेथें पोंचतो. आणि मातृभाषेचा पाया धरणाऱ्या वर्ध्याच्या जुन्या योजनेशीं ह्याचा विरोध आहे असें आतां आम्हांस वाटत नाहीं.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर इतकेंच, कीं उतारवयांत परदेशीं शिकवावयास जावें. परंतु घराची संमति घेऊन, मुदत बांधून, आणि परत येण्यासाठीं जावें. जो तेथेंच राहिला त्यानें एका देशास शिक्षक दिला. जो शिकून परत आला त्यानें दोन देशांस दिला. आमच्या ओसरीवर पावसाळ्यांत जागा अपुरी पडते, आणि तालुक्यांत निवृत्त इंग्रजी शिक्षक आमच्याखेरीज आणखीही आहेत. त्यांपैकीं कोणास समुद्र ओलांडावयाचा नसेल तर त्यांनीं निदान आपल्या घरची ओसरी झाडून घ्यावी.